विजयमालाताईंचे तीन प्रश्न

पहिल्याच भेटीत मला विजयमालाताईंचा सणसणीत राग आला होता, हे आधीच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की मैत्रीण आहे म्हणून कौतुक चाललंय.

गेल्या जूनमधली गोष्ट. जयपूरच्या खातीपुऱ्यात स्टेशनच्या रस्त्यावर मी भेंडी निवडत होते आणि माझी मुलगी वल्लरी शेजारी पिशवी धरून मोबाइलमध्ये डोकं खुपसून उभी होती. मी तिला मराठीतून दटावलं. तेवढ्यात रस्त्यापलीकडून एक उंच, काटक बाई तरातरा आल्या. पायात पांढरे बूट आणि साडी जराशी वर खोचलेली. परमुलखात मराठी माणूस भेटला की आपण आधी गाव विचारतो. या बाईंनी ते काही विचारलं नाही. वल्लरीला आपादमस्तक न्याहाळलं आणि म्हणाल्या, "रात्री किती झोपलीस गं?"

"तीन घंटे," वल्लरी म्हणाली. "साडेतीन."

"सकाळी काय खाल्लंस?"

"कुछ नहीं. मतलब, काही नाही."

"कुठं दुखतंय?"

वल्लरीनं एकदा माझ्याकडे बघितलं आणि छातीवर हात ठेवला. "दुखत नाही. इथे भीती वाटते. रोज."

मी भेंडी हातात घेऊन तशीच उभी राहिले. चौदा वर्षांची माझी पोर, रोज भीती वाटते म्हणून सांगत होती, आणि तेही मला नव्हे, भाजीच्या गाडीपाशी भेटलेल्या परक्या बाईला. मला बाईंचा राग आला तो यामुळे. आपण मुलीला उपाशी ठेवतो, झोपू देत नाही असं भर रस्त्यात निघाल्यावर कुणाला येणार नाही?

भीती कसली ते खरं तर मला ठाऊक होतं, पण मी ते उडवून लावलं होतं. वल्लरी अंथरुणात पडल्या पडल्या जगभरच्या बातम्या वाचायची. कुठे जंगल पेटलंय, कुठे बर्फ वितळतोय, कुठे शाळेवर बॉम्ब पडलाय. एकदा जेवताना तिनं विचारलं होतं, "आई, मी तुझ्याएवढी होईन तेव्हा जयपूरमध्ये माणसं राहू शकतील का?" बाहेर शेहेचाळीस डिग्री होतं. मी म्हणाले होते, "आधी गणिताचा पेपर बघ." असं उत्तर देणारी मी एकटीच आई नसेन, पण त्यानं माझा अपराध कमी होत नाही.

विजयमालाताई मूळच्या फलटणकडच्या. लग्नाआधी जिल्ह्याकडून खो-खो खेळलेल्या. त्यांचे यजमान नागनाथराव सैन्यात नायब सुभेदार, सध्या इथल्या छावणीत. जिथं बदली होईल तिथं ट्रंका उघडायच्या आधी या बाई मैदान शोधणार आणि पोरी गोळा करणार. पठाणकोटला टीम केली, झाशीला केली, आता जयपूर. फी नाही, पगार नाही. नागनाथराव शांतपणे मला म्हणाले होते, "घरातला हुकूम तिचाच चालतो. मी फक्त सलाम करतो."

आठवड्याभरात वल्लरी त्यांच्या मैदानावर. जयपूरची ही तिची सहावी शाळा. मी बँकेत अधिकारी आणि माझा नवरा नंदकिशोर घरून काम करणारा, त्यामुळे माझी बदली झाली की आमचं बिऱ्हाड हललंच. दर वेळी पोरीनं मैत्रिणी जमवायच्या आणि मी त्या सोडायला लावायच्या. शेवटी तिनं मैत्रिणी जमवणंच बंद केलं होतं.

जगाच्या भीतीवर विजयमालाताईंनी काय केलं? तिला उगी उगी केलं नाही. म्हणाल्या, "जग तापतंय म्हन्तीस. खरंच हाय की ते. मग आपण खेळायचं किती वाजता, ते तू सांगायचं." मैदानाकडेच्या कडुनिंबाला त्यांनी एक तापमापक टांगलं आणि वल्लरीच्या हातात वही दिली. पारा अडतीसच्या वर गेला की खेळ बंद. हे ठरवणार वल्लरी आणि तिचा शब्द शेवटचा. पहिल्याच महिन्यात तिनं खुद्द विजयमालाताईंना "मावशी, बंद!" म्हणून सावलीत बसवलं. पोरी तिला 'मौसम विभाग' म्हणायला लागल्या. वहीतले आकडे घेऊन ती मुख्याध्यापिकेकडे गेली आणि भर दुपारचा खेळाचा तास सकाळी पहिला करून आणला. घरी आली तेव्हा चपला काढायच्या आधीच ओरडली, "आई, त्यांनी ऐकलं!" सकाळी साडेपाचला मैदानावर जायचं म्हणून साडेनऊलाच गाढ झोपायला लागली. मला तर दिवाळी आल्यासारखं वाटलं.

टीममध्ये वल्लरी सोडली तर सगळ्या इथल्याच पोरी. कर्णधार प्रियंका, रेल्वेत पॉइंट्समन असलेल्या वडिलांची मुलगी. बुटकी, तिखट आणि वाऱ्यासारखी पळणारी. वल्लरी आणि ती जिथं तिथं एकत्र. रोज सराव सुरू व्हायच्या आधी विजयमालाताई प्रत्येकीला तेच तीन प्रश्न विचारायच्या. किती झोपलीस, काय खाल्लंस, कुठं दुखतंय. "मला जिंकून दिलं न्हाई तरी चालंल, पन खोटं सांगू नका," असं त्या आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत बजावायच्या. पोरी पाळी आली तरी सांगायच्या, बापानं रागावलं तरी सांगायच्या.

आणि एक नियम मात्र लोखंडी. शिळं खाऊन मैदानात पाय ठेवायचा नाही. लहानपणी कधीतरी शिळ्या अन्नानं त्यांना मोठ्या सामन्यात उलट्या झाल्या होत्या. ते त्यांच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. डबा उघडून दाखवायचा आणि "भाप दिखना मंगता!" वाफ दिसलीच पाहिजे. शिळं आणणारीला त्यांनी दोनदा परत घरी पाठवलं होतं. खातीपुऱ्यातल्या आया बिचाऱ्या पहाटे उठून पराठे लाटायला लागल्या.

मार्चमध्ये दोन गोष्टी एकदम झाल्या. जयपूरजवळच्या चाकसूच्या जत्रेत एक क्रीडा मंडळ मुलींची स्पर्धा भरवतं, तिच्यात आमच्या पोरी चक्क अंतिम फेरीत पोचल्या. जिंकणारी टीम एप्रिलमध्ये बीकानेरला मोठ्या स्पर्धेला जाणार होती. आणि माझी बदली आली. गुवाहाटी. एकतीस मार्चला इथला कार्यभार सोडायचा.

वल्लरी रडली नाही. तिनं विचारलं, "मुदत मागता येते ना?" येते, पण वीस वर्षांत मी कधी मागितली नव्हती. मला त्याचा अभिमानच होता. तिच्या तोंडाकडे बघून माझ्या तोंडून निघून गेलं, "फायनल जिंकलात तर मागेन." निघून गेलं म्हणजे अगदीच बेसावधपणे नाही. समोरची चाकसूची टीम तीन वर्षं हरलेली नाही हे मी ऐकलं होतं. मोठी माणसं कशी असतात ते यावरून कळावं.

सामना शनिवारी होता. चौथा शनिवार, बँकेला सुट्टी, म्हणून मीही निघाले. पहाटे पाचला विजयमालाताईंच्या स्वयंपाकघरात मी स्वतः उपमा ढवळला. अन्न गरम ठेवणाऱ्या मोठ्या डब्यात भरला. टोंक रोडला लागलो तेव्हा सीतापुऱ्याच्या कारखान्यांकडे जाणाऱ्या स्कूटरी वाहत होत्या आणि आमच्या गाडीत मात्र पोरी गप्प होत्या. मला वाटलं, दडपण आलंय.

चाकसूला गाडीतून उतरल्यावर तीन प्रश्न झाले. झोप? छान. दुखणं? नाही. खाणं?

"खाया, मैडमजी," प्रियंका म्हणाली. मग एकेक करून सगळ्याच म्हणाल्या.

तरी ताईंनी उपम्याच्या ताटल्या वाटल्या. वाफा निघत होत्या. पोरींनी ताटल्या घेतल्या, पण खाल्ला तो फक्त वल्लरीनं. बाकीच्या म्हणाल्या, नंतर खातो. सामन्याआधी भूक कुठली लागतेय, असं म्हणून मी शहाण्यासारखी मान डोलावली.

टेकडीवर देवीच्या दर्शनाला ही गर्दी! ढोल, पिपाण्या, रंगीत ओढण्या आणि कडेला मैदानाभोवती चार-पाचशे माणसं. नाणेफेक चाकसूनं जिंकली आणि त्यांनी पाठलाग घेतला. आणि आमच्या पोरींचं काय झालं ते कळेचना! नेहमी खांबाला वळसा घालून निसटणाऱ्या पोरी वळताना अडखळत होत्या. नऊ गडी बाद. मग आमचा पाठलाग. प्रियंकानं सूर मारला आणि उठताना तिचा तोल गेला. अनुश्री नावाची आमची भरवशाची खेळाडू, तिचे हात थरथरताना मला इतक्या लांबून दिसत होते. पाचच गडी मिळाले. मध्यंतराला नऊ विरुद्ध पाच.

विजयमालाताईंनी सगळ्यांना गोल बसवलं. नऊ मिनिटांचं मध्यंतर. त्यांनी डावपेच नाही सांगितले. पुन्हा विचारलं, "क्या खाया सुबह?"

"खाया, मैडमजी," प्रियंका जमिनीकडे बघत म्हणाली.

तेव्हा मला वल्लरी दिसली. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता. ती प्रियंकाकडे बघत होती आणि प्रियंका डोळ्यांनी तिला दम देत होती. मी आई आहे. काहीतरी आहे हे मला लगेच समजलं. सहा शाळांनंतर मिळालेली ही एक मैत्रीण.

"मावशी," वल्लरी म्हणाली. "त्या खोटं बोलतायत. कुणीच काही खाल्लं नाही. काल संध्याकाळपासून."

प्रियंकानं तिच्याकडे असं पाहिलं की मलाच मान खाली घालावीशी वाटली.

मग एकेक बाहेर आलं. आज शीतलाष्टमी. इथं तिला बासोडा म्हणतात. आज घरात चूल पेटत नाही, गरम काही तोंडात घालायचं नाही. आदल्या दिवशी रांधलेलं गार अन्न देवीला दाखवायचं आणि तेच सगळ्यांनी खायचं. ज्या देवीच्या जत्रेत आम्ही खेळत होतो, तिचाच हा नेम. पोरींच्या पिशव्यांत डबे होते, पण सगळं कालचं. गरम उपमा खाल्ला तर देवीचा नेम मोडतो आणि डबा उघडला तर विजयमालाताईंचा. पोरींनी तिसरा रस्ता धरला होता, उपाशी राहण्याचा.

मला कुठे तोंड लपवू असं झालं. मी जयपूरला तीन वर्षं आहे. दर मार्चमध्ये बँकेतल्या प्रणिताजी हा गार प्रसाद माझ्या टेबलावर आणून ठेवतात आणि मी मिटक्या मारत खाते. ताई नऊ महिन्यांपूर्वी आलेल्या, त्यांना कसं कळणार? मला माहीत होतं. आणि मीच पहाटे उठून उपमा ढवळला होता!

ताई आता फुटणार असंच आम्हा सगळ्यांना वाटलं. त्या फुटल्या नाहीत. मातीत मांडी घालून बसल्या आणि प्रियंकाची पिशवी पुढे ओढली. स्टीलच्या बरणीत राबडी होती. बाजरीचं पीठ ताकात शिजवून रात्रभर गार केलेली, आंबूस वासाची. ताईंनी झाकण काढलं, बरणी वर धरली आणि घटाघटा दोन घोट घेतले. कालची, शिळी राबडी.

"झ्याक हाय," त्या म्हणाल्या. ओठ पुसले. मग हात जोडले. खरोखर जोडले, त्या चौदा-पंधरा वर्षांच्या पोरींपुढे. "गलती मेरी है. तुम्हारी नहीं. नियम मैंने बनाया, और तुम्हारे घर में क्या होता है, वो पूछा ही नहीं. तुम डर गई मेरे से. ये मेरी हार है." आणि लगेच आवाज चढवला. "अब खाओ! दोन-दोन घूँट! पोट भरके नहीं!"

डबे असे उघडले म्हणता! राबडी, पुऱ्या, दही-साखर घातलेला गार भात. त्याला त्या ओलिया म्हणतात. कुणी चमचा, कुणी बोटं. अनुश्रीच्या डोळ्यांतून पाणी येत होतं आणि तोंड चालू होतं. पंच येऊन डोकावले, राबडी पाहिली आणि "हाँ, अब ठीक है" म्हणत शिट्टी हातात घेऊन परत गेले. माझा उपमा कडेला वाफा सोडत पडला होता. त्याच्याकडे कुत्रंही फिरकलं नाही.

वल्लरी मात्र एकटी लांब उभी होती. तिला कुणी बोलावलं नाही.

दुसरा डाव. चाकसूचा पाठलाग. आणि आमच्या पोरी! अहो, काय सांगू! तोच खांब, त्याच पोरी, पण आता हाताला लागतील तर शपथ. अनुश्री अडीच मिनिटं नाचवत होती. गर्दी चाकसूची, पण टाळ्या तिला. सहाच गडी गेले. चाकसूचे पंधरा झाले. आम्हाला जिंकायला अकरा हवे होते, सात मिनिटांत.

प्रियंका उठली आणि सुटली. एक. दोन. तीन. आमच्या पोरी चौकोनात आलटून पालटून तोंडं करून बसलेल्या. पळणारी ज्या बसलेलीच्या पाठीवर थाप मारून 'खो' म्हणेल तिनं उठून पाठलाग घ्यायचा. मला लगेच एक गोष्ट दिसली आणि माझा जीव तळमळला. प्रियंका वल्लरीला खो देत नव्हती. वल्लरीच्या पाठीमागून ती पुढं जायची आणि पलीकडच्या मुलीला द्यायची. एकदा झालं, दोनदा झालं. तिसऱ्यांदा तर गडी वल्लरीच्या समोरून निसटला आणि प्रियंका तिच्या पाठीमागून वाऱ्यासारखी पुढं गेली. वल्लरी गुडघे दुमडून, जमिनीवर हात टेकवून तशीच तयारीत बसलेली. एकदाही मागे वळून पाहिलं नाही तिनं. मला मैदानात धावत जाऊन तिला उचलून घरी न्यावंसं वाटलं.

विजयमालाताईंनीही पाहिलं होतं. मी म्हणाले, "ओरडा ना तिला!" त्या म्हणाल्या, "न्हाई वहिनी. हे मी सांगून व्हायचं न्हाई."

सात. आठ. नऊ. धूळ इतकी की मला निम्मं दिसेना. दहा! पंधरा-पंधरा! पंचांनी ओरडून सांगितलं, शेवटचं अर्धं मिनिट. चाकसूची सगळ्यात चपळ पोर आत आली. लाल फीत बांधलेली, लांब ढांगांची. प्रियंका तिच्या मागे. लाल फीत एकदम वळली, दोन बसलेल्या मुलींच्या मधून पलीकडे गेली आणि नेमकी वल्लरीच्या पुढ्यात आली. प्रियंकाला वळता येत नव्हतं, नियमच तसा. एकतर खो द्यायचा नाहीतर खांबापर्यंत जाऊन परत यायचं. आणि पलीकडची मुलगी चार पावलं लांब.

"खो!"

ती थाप मला ऐकू आली. पाठीत धपाटा घालावा तशी. राग सगळा त्या थापेत होता, हे मी शपथेवर सांगेन. वल्लरी बाण सुटावा तशी सुटली. लाल फीत खांबाकडे, वल्लरी तिच्या मागे, एक हात, दीड हात, पुन्हा एक हात. मी बाकावर उभी राहून किंचाळत होते. बँकेतलं कुणी पाहिलं असतं तर माझी पत गेली असती. खांबापाशी लाल फीत वळली आणि वल्लरीनं जमिनीला समांतर अंग झोकून दिलं. हात पुढे. बोटं. टाच.

शिट्टी वाजली. क्षणभर काहीच कळेना, बादची की वेळ संपल्याची? पंचांनी हात वर केला. बाद!

मग जे झालं ते मला सलग सांगता येणार नाही. विजयमालाताई साडी सावरत मैदानात धावत होत्या, पोरी एकमेकींवर कोसळत होत्या, ढोलवाला कुणाच्या बाजूचा आहे ते विसरून बडवत सुटला होता. चाकसूच्या पोरी येऊन आमच्या पोरींना मिठ्या मारत होत्या. मी रडत होते आणि शेजारच्या अनोळखी बाईंचा पदर धरून "ती माझी आहे, ती माझी आहे" म्हणत होते. त्यांनीही माझे डोळे पुसले.

वल्लरी खांबापाशीच बसलेली. गुडघा फुटला होता. प्रियंका तिच्यापुढे जाऊन उभी राहिली. कमरेवर हात. मी जवळ गेले होते, म्हणून ऐकलं.

"तूने क्यों बोला?"

"तू गिर रही थी," वल्लरी म्हणाली. "मैं देख नहीं पा रही थी."

प्रियंकानं वाकून तिच्या गुडघ्यावरची माती झटकली. मग म्हणाली, "बीकानेर तक बात नहीं करूँगी तुझसे. समझी?"

"समझी."

"पर बस में खिड़की वाली सीट मेरी. और बाजू वाली तेरी. किसी और को बैठने मत देना."

आणि तिनं हात पुढे करून वल्लरीला ओढून उभं केलं.

परतताना गाडीत वल्लरीनं मला काही विचारलं नाही. वचनाची आठवणही करून दिली नाही. तिनं ती करून दिली असती तर बरं झालं असतं, इतकी मी मनातून शरमले होते. घरी आल्याबरोबर लॅपटॉप उघडला आणि मुदतवाढीचा अर्ज काढला. नाव, शाखा, किती दिवस हवे. पुढे रकाना होता, कारण. माणसं इथं सासूचं आजारपण लिहितात, बोर्डाची परीक्षा लिहितात. मलाही दोन-तीन वजनदार कारणं सुचली. मी ती लिहिली आणि खोडली.

मग लिहिलं, "माझ्या मुलीसाठी तिच्या मैत्रिणीनं बीकानेरच्या बसमध्ये जागा धरली आहे." आणि अर्ज पाठवून दिला.